मिठात पुरलेला फोन

फोन जपा, असं मी सांगितलं की लोक हसतात. म्हणतात, तू पत्रकं वाटणारी मुलगी, सरकारवर बोल, कंपन्यांवर बोल, कव्हर आणि काच काय घेऊन बसलीस? मी म्हणते, जरा बसा आणि ऐका. माझ्या आत्याचं शेत एका फोनवर अडकलं होतं, आणि तो फोन तिने मिठात पुरला होता.

आमचं गाव अलिबाग आणि पेणच्या मधल्या खाडीपट्ट्यात. पुढे खाडी, मागे भातशेती, मध्ये मातीचा बांध. बांध फुटून जे भगदाड पडतं त्याला आम्ही खांड म्हणतो. खांड वेळेत बुजवली नाही तर भरतीचं खारं पाणी सरळ शेतात येतं, आणि एकदा खारं पाणी मुरलं की भाताचं नाव काढू नका. आत्याच्या शेताला लागूनच खांड पडली. आम्ही अर्ज दिले, बांधांचं काम बघणाऱ्या सरकारी कार्यालयासमोर बसलो, मी पत्रक लिहून वडखळच्या नाक्यावर वाटलं. उत्तर काय मिळालं? खांड यंदाच्या पावसातली आहे, नैसर्गिक आहे, निधी आला की बघू. खांड जुनी असती तर दुरुस्ती टाळल्याचा ठपका कार्यालयावर आला असता. म्हणून ती नवी!

खोटं, साफ खोटं. त्याच्या आदल्या वर्षापासून दर मोठ्या उधाणाला आत्या त्याच जागी उभी राहून व्हिडिओ काढत होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं, मी तर नाहीच. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "माझं रान बुडतंय, तं मीच नको बघू?" एकामागून एक ते व्हिडिओ पाहिले तर कळतं, आधी टोपलीएवढं भोक, मग माणूस आडवा जाईल एवढं, आणि आता बैलगाडी जाईल एवढी वाट.

त्या व्हिडिओंच्या प्रती मी लगेच घेतल्या आणि कार्यालयातल्या साहेबांच्या टेबलावर ठेवल्या. साहेब हसले. "ताई, असे फॉरवर्ड केलेले व्हिडिओ मलाही रोज येतात. कुठली तारीख, कुठला बांध, कोण सांगणार? तक्रारींची बैठक लावली आहे, तिला मूळ फोन घेऊन या, त्यातली तारीख बघू." मला राग आला, पण मुद्दा हातात मिळाला होता. मूळ फोन. म्हणजे बैठकीपर्यंत तो फोन जिवंत राहायला हवा.

आणि फोन कसला? आत्याच्या मुलाने वापरून सोडलेला, एका कोपऱ्यात काच तडकलेली, बॅटरी दुपारपर्यंत दम धरणारी. या कंपन्यांना माझा एकच प्रश्न आहे: बॅटरी साध्या माणसाला काढता येऊ नये अशी गोंदाने चिकटवून का ठेवता? दोन वर्षांत फोन टाकून द्यावा म्हणूनच ना? असो. मी आत्याच्या मागे लागले. जाड रबरी कव्हर घातलं, नवी काच लावून घेतली, नाक्यावरचा स्वस्तातला चार्जर फेकायला लावला. रात्रभर चार्जिंगला ठेवायचा नाही, चुलीजवळ नाही, मासळी वाळते त्या उन्हात नाही, ओल्या हाताने वायर लावायची नाही. आणि कमरेला खोचायचा नाही, मी दिलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात.

"एवढं तं नव्या सुनंचं पन कुनी करत न्हाय," आत्या म्हणाली.

बैठकीच्या आधी अमावास्येचं उधाण होतं. शेवटचा एक व्हिडिओ हवाच म्हणून आत्या बांधावर गेली. पिशवीतून नीट दिसत नाही म्हणून फोन बाहेर काढला, व्हिडिओ काढला आणि जुन्या सवयीने कमरेला खोचला. परत फिरताना वाकली आणि फोन गेला खाडीच्या पाण्यात. तीही मागोमाग उतरली. कमरेइतक्या पाण्यात चिखल चाचपून तिने तो वर काढला.

मला निरोप मिळाला तेव्हा मी धावत गेले. आत्या ओल्या लुगड्यात ओटीवर बसलेली, शांत.

"फोन कुठाय?"

"हाय. सुकाया घातलाय."

"उन्हात?"

"उन्हात कशाला? तूच न्हाय बोललीस. मिठात."

मला वाटलं ती थट्टा करते आहे. ती मला आत घेऊन गेली. कोपऱ्यात मासे खारवायचं मोठं मडकं. झाकण काढून तिने जाड्या मिठात हात घातला आणि बांगडा काढावा तसा फोन बाहेर काढला.

"आत्या! मीठ? अगं, मिठाच्या पाण्यानेच तर तो मरतो!"

"मना शिकव नको," ती तडकली. ती तरुणपणी मिठागरात राबली आहे, मीठ काय करतं ते तिला माहीत होतं. "मीठ पानी खेचतंय. मासली मिठात घातली का वरीसभर टिकतंय. मंग यो का न्हाय?"

शहरातले लोक फोन तांदळात घालतात, तेही तेवढंच निरुपयोगी, फक्त वासाला बरं.

मी आधी तो बंद केला. कव्हर काढलं, सिमकार्डाचा खण उघडला आणि हंड्यातल्या गोड्या पाण्याने मीठ आणि चिखल हलकेच धुऊन काढला. आत्या किंचाळली, "अगो पान्यातना काढला, परत पान्यात घालतंस? मेला असंल तं पुरता मारून टाक!" मी सांगितलं, ओल उद्या सुकेल, पण आत राहिलेलं मीठ तांबं खात बसेल. मीठ जायला हवं. तेवढ्यात तिचे दीर चार्जर घेऊन आले, "लावून तं बघू, पेटतंय का." मी चार्जर त्यांच्या हातातून ओढून घेतला. ओल्या फोनला वीज दिली की संपलंच.

फोन मऊ फडक्यात गुंडाळून आम्ही दोघी तशाच अलिबागला गेलो. पहिल्या दुकानदाराने फोन हातातही घेतला नाही. "खाडीत पडला? टाकून द्या मॅडम. नवीन घ्या, ऑफर चालू आहे."

माझ्या तोंडात अख्खं पत्रक आलं होतं. पण आत्याने दंड धरला. "याला इकायचा हाय, बघायचा न्हाय. चल."

दुसऱ्या दुकानात दुरुस्ती करणाऱ्याने फोन उघडला, वास घेतला आणि विचारलं, "यात मासे ठेवले होते काय?" आत्याने माझ्याकडे बघितलंही नाही. तो म्हणाला, आतली सर्किटची पाटी साफ करून बघतो, खात्री देत नाही. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. आत्या पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली. "फोन गेला, तं माझं रान यंदाच्या पावसातच बुडलं असं लिवतील. तेच खरं होईल गो."

मी उठून दुकानात डोकावून आले; तो ब्रशने पाटी घासत होता.

संध्याकाळी फोन सुरू झाला. पडद्याच्या एका बाजूला हिरवट डाग पसरला होता आणि आवाज पूर्ण गेला होता. पण गॅलरी उघडली. पहिल्या टोपलीएवढ्या भोकापासून त्या दिवशीच्या उधाणापर्यंत सगळं, तारखेसकट. आत्याने पडद्यावरून बोट फिरवलं आणि दुकानदाराला म्हणाली, "देव तुझं भलं करो बाबा. आता याला गळ्यात अडकवायची दोरी दे, जाड."

बैठकीत साहेबांनी फोन हातात घेतला. तारखा बघितल्या. परत बघितल्या. व्हिडिओ लावला तर आवाज नाही.

"यात काही ऐकू येत नाही, मावशी."

"मी हाय ना," आत्या उठून त्यांच्या खुर्चीशेजारी जाऊन उभी राहिली. "ही होळीची पुनव. पानी बघा, खेकड्यानं पोखरल्या भोकातना आलंय. ही पुढची. इथं मी ओरडतंय, दगड टाका, दगड टाका. आता हे बघा, हे माझं खाचर. यात रोप होतं."

एकेक व्हिडिओ असा तिने तोंडाने ऐकवला. साहेबांनी शेवटी चष्मा काढला आणि कारकुनाला सांगितलं, खांड जुनी असल्याची नोंद घ्या, पुढच्या पावसाआधी बुजवायच्या कामांत टाका.

काम झालं. दगड-माती पडली, पिचिंग, म्हणजे बांधाच्या उतारावर दगड बसवणं, अजून बाकी आहे, त्यासाठी मी नवं पत्रक लिहिते आहे. यंदा आत्याने त्या खाचरात पुन्हा लावणी केली. अर्धं रोप पिवळं आहे, मीठ एका पावसात जात नाही. अर्धं हिरवं आहे.