पावलंवाल्या मावशी

मावशी नव्या माणसाच्या तोंडाकडे आधी बघतच नसत. नजर थेट चपलांवर. स्टुडिओतल्या माझ्या पहिल्या दिवशी म्हणाल्या, "डावी टाच पार झिजलीय. चालतच कॉलेज केलंस वाटतं?" केलं होतं. आमच्या घरातली पहिली पदवी तशीच पायी आलेली आहे, आणि ते सांगायची मला कधी लाज वाटली नाही.

सिनेमाच्या शूटिंगमध्ये पावलं, बांगड्या, भांडी नीट ऐकू येत नाहीत. ते आवाज नंतर स्टुडिओत, पडद्याकडे बघत काढावे लागतात. मावशींचं काम तेच. फरशी, माती आणि वाळू असे जमिनीवर तीन चौकोन, आणि जुन्या चपलांनी भरलेली एक गोणी. मारामारी असली की माइकसमोर काकडी मोडायच्या आणि उरलेली खायच्या. "हिरोचं हाड आहे. जरा मीठ आण गं!"

पण चालायच्या आधी त्यांचा एकच प्रश्न असे : "कोण चालतंय?" एका सिनेमात हिंजवडीत नोकरी करणारी मुलगी होती. मावशी कसब्यातून बस बदलत तिथे गेल्या आणि सकाळभर एका कंपनीच्या गेटवर उभ्या राहिल्या. परत येऊन म्हणाल्या, "पोरी गेटपर्यंत धापा टाकत पळतात, अन् गळ्यात कार्ड अडकवलं की साहेबासारख्या चालतात. सँडल एकच, पण चाली दोन लागतील."

मला ठेवलं होतं ते नवा कॉम्प्युटर चालवायला. एक दिवस मालक मावशींना म्हणाले, "आज नुसतं चाला. हळू, भरभर, चपलेत, अनवाणी. एकदा कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवलं की तुम्हाला यायचा त्रास नाही."

"कोण चालतंय?"

"कोणी नाही हो. नुसती बाई."

"नुसती बाई चालताना बघितलीय कधी? ती कुठनं तरी निघालेली असते, कुठं तरी पोचायची असते."

"अहो, परदेशात सगळे असंच करतात."

"मग तिकडचीच पावलं मागवा. बुटातली येतील."

मावशींनी गोणी खांद्यावर टाकली आणि फरशीवरून ताडताड दारापर्यंत गेल्या. त्या पुन्हा कधी आल्या नाहीत.

रेकॉर्डिंग मात्र चालू राहिलं होतं. मालकांनी ती पावलं ऐकली आणि खूश झाले. "मागूनही देत नव्हत्या, आयतं मिळालं! 'संतापलेली बाई' नाव द्या आणि ठेवा."

मी ते पुसून टाकलं.

"अहो, कॉम्प्युटर शिकलाय ना तुम्ही?" मालक ओरडले.

"शिकलेय ना," मी म्हटलं. "म्हणून तर परत सापडणार नाही असं पुसलंय."