दुरून पाह्यलेला पडदा

माही बुढी, पोरीची माय, गेली आन् घरात बोलाले कोणी राह्यलं नाही. पोरगी पुण्याची खोली सोडून कामरगावले माह्यापाशी आली. वेबसाइटी बनवायचं तिचं काम, घरून चालते. म्हणे, "बाबा, सध्या राहते मी. जमलं तर पुढचं पाहू." ते 'जमलं तर' मले बाभळीच्या काट्यावानी रुतलं.

तिच्याजवळ एक लॅपटॉप, पाटीएवढा. दिवसभर मान खाली. संध्याकाळी डोकं धरून बसे. एकदा फोनवर कोणाले सांगून राह्यली होती, "इथं मोठा मॉनिटर लागेल, नाही तर मला परत यावं लागेल." मी ऐकलं आन् तिले न इचारता निघालो.

सोबत इंझोरीचा साळा. त्याले वाटते, दुनियेतलं सारं त्याले समजते. कारंज्याच्या दुकानात भिंतभर मॉनिटरचे पडदे, साऱ्यावर धबधबे आन् पोपट. दुकानदार म्हणे, "वेबसाइटीचं काम? मग काका, हा बत्तीस इंची न्या."

साळा म्हणे, "भाऊजी, दरवाजापाशी या. तिथून पाहा."

बैलजोडी घेताना आमी तसंच करतो. दूर उभं राहाचं आन् चाल पाहाची. मी दरवाजातून पाह्यलं. पोपटाचं पीस न् पीस दिसे. म्हटलं, बांधा.

घरी पोरीनं पडदा लावला, आपलं काम उघडलं आन् खुर्ची मागं सरकवली.

"काय झालं?"

"काही नाही. चालते, बाबा."

मी भडकलो. तिच्या मायनं असंच 'चालते, चालते' म्हणत दुखणं अंगावर काढलं. दवाखान्यात नेलं तवा डॉक्टर म्हणे, उशीर झाला. त्या डॉक्टरचा राग, बुढीचा राग, सारा त्या पोरीवर निघाला. "या घरात चालते म्हणू नको! खरं सांग!"

ती बी माह्यासारखीच तिखट. "मंग ऐका. लॅपटॉपात चित्राचे जेवढे ठिपके, तेवढेच याच्यात. नुसता पडदा मोठा. ठिपके ताणले, म्हणून अक्षर फाटून राह्यलं. मी याच्यापासून हातभर बसते, दरवाजात नाही बसत. मले सत्तावीस इंची पाह्यजे होता, जास्त ठिपक्यांचा. इचारलं काहून नाही?"

मी भिंतीकडे पाह्यलं. बुढीचा एकटीचा फोटो कोणी काढलाच नव्हता. एका लग्नातल्या घोळक्याच्या फोटोतून तिचं तोंड कापून, ताणून, साळ्यानं तेरवीले दीड हाताचा करून आणला. दरवाजातून बुढी दिसते. जवळ गेलं का नाक नाही, डोळा नाही, नुसता धूर. त्या फोटोसमोर माह्यं टाळकं काहून फिरते, ते त्या दिवशी समजलं.

दुसऱ्या दिवशी खोकं एसटीत घातलं आन् पोरीले घेऊन दुकानात गेलो.

"काका, उघडलेला माल वापस होत नाही."

"तू पोपट दाखवले, अक्षर काहून नाही दाखवलं? माही पोरगी काय पोपट विकते?"

लोक जमले. पोरगी म्हणे, "बाबा, आवाज कमी करा."

"नाही करत!"

शेवटी तोंड वाकडं करून त्यानं बदलून देतो म्हटलं. या वेळी पोरगी खुर्ची ओढून पडद्यासमोर बसली, आपलं काम लावलं, बारीक अक्षर वाचून पाह्यलं. मी दरवाजाकडे गेलो नाही. तिच्या खांद्यामागं उभा राह्यलो. मले बी वाचता आलं.

घरी नव्या पडद्यावर तिनं तो लग्नाचा फोटो उघडला, न ताणता. घोळक्यात बुढीचं तोंड सुपारीएवढं, पण हनुवटीवरचं गोंदण साफ. कोणावर तरी डोळे वटारून राह्यली होती. माह्यावरच असन.

"भिंतीवरचा उतरवू?" पोरीनं इचारलं.

"उतरव."

मंग ती टेबलाखाली वाकली. "बाबा, या वायरीसाठी भिंतीत भोक पाडून घ्या. रोज पायात येईन."

जाणारं माणूस भिंतीले भोक पाडाले सांगत नाही. मी साळ्याले फोन लावला. म्हटलं, भोक पाडाची मशीन घेऊन ये, आन् तोंड घरीच ठेवून ये.