पिशवीतली भाकरी

आधीच सांगून टाकते, मी असल्या गोष्टींना भीक घालणारी बाई नाही. गावच्या जत्रेत एकीच्या अंगात आलं होतं, तिला मी भर गर्दीत "पाणी पी आणि गप खाली बस" म्हणाले होते... आणि ती बसलीही! कुपवाडला आमचं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. तिथली बिलं, जीएसटी, कामगारांचे पगार सगळं माझ्याकडे. त्यामुळे समोर दिसेल तेवढंच खरं मानायची सवय. तरीपण गेल्या वर्षी जे झालं ते इथे लिहितेय, कारण घरात तो विषय काढला की आमचे हे टीव्हीचा आवाज वाढवतात.

माझं माहेर वडूजचं. थोरला भाऊ बापू, मिसरूड फुटायच्या वयात गलाईच्या कामाला बाहेर पडला. गलाई म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. आमच्या भागातली पोरं त्यासाठी कुठल्या कुठे जातात. बापू उत्तरेत लांबच्या एका शहरात होता. एके दिवशी "चहा पिऊन येतो" म्हणून दुकानातून उतरला, तो आजतागायत आलेला नाही. पोलीस झाले, पेपरात फोटो झाला. वडील त्या काळजीतच गेले.

तेव्हापासून आई रोज एक भाकरी जादा थापायची. घरातल्या कुणी तिला हात लावायचा नाही. दारात जो कुणी मागायला येईल त्याला ती द्यायची, कुणी नाहीच आलं तर कुत्र्याला. "माझा बापू कुठंतरी कुणाच्या दारात हुबा असंल. त्याला कुणी हाकलू नये म्हून मी देते," एवढंच तिचं म्हणणं. मी चेष्टा करायचे, "आई, हितली भाकरी तिकडं पोचती व्हय गं?" तर म्हणायची, "तुला न्हाई कळायचं. तू जा, बिलं कर."

गेल्या वर्षी लेकीने हट्टाने पैसे भरले आणि आम्ही दोघे टूरबरोबर इस्तंबूलला निघालो. निघण्याआधी आईला भेटायला गेले. तिने कडक वाळवलेली एक भाकरी फडक्यात बांधून माझ्या पिशवीत कोंबली.

"वाटंत कुणी मागितलं तर दे."

"आगं, इमानानं चाललोय आमी. इमानात कोण मागतंय?"

"दे म्हनलं तर दे."

ती भाकरी मी पिशवीच्या तळाशी सारली आणि खरं सांगते, साफ विसरले.

तिथे पहिल्याच दिवशी टूर मॅनेजरने बसमध्ये माईकवरून बजावलं, "रस्त्यावर भिकाऱ्यांना पैसे देऊ नका. एकाला दिले की दहा गोळा होतात. मागे टोळ्या असतात." झालं, बसमध्ये वाद पेटला. कुणी म्हणालं पाप लागतं, कुणी म्हणालं आपणच सवय लावतो. मी म्हणाले, "म्हातारंकोतारं दिसलं तर मी देणार." हे लगेच, "सांगलीच्या स्टँडवर कधी हात सैल होत नाही तुझा. परदेशात आलीस आणि उमाळा फुटला व्हय!" सगळे हसले. मला राग आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फेरीबोटीच्या धक्क्यावर फोटो काढणं चाललं होतं. हे पुढे गेलेले. मी चपलेचा पट्टा लावायला पायऱ्यांवर थांबले, तर बाजूला एक माणूस उभा. साठीकडे झुकलेला, अंगावर ढगळ कोट, डोळे घारे. तिथलाच असणार, बापूशी काडीचं साम्य नाही. त्याने हात पुढे केला. कालच्या रागात मी पर्समधली एक नोट काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. म्हटलं, बघू कोण काय म्हणतंय!

त्याने नोट बघितली. मग ती माझ्याच तळहातावर परत ठेवून माझी बोटं मिटवली. दोन बोटं स्वतःच्या ओठांना लावली आणि माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे दाखवलं.

मला वाटलं याचा डोळा पिशवीवर आहे. आत पासपोर्ट होते. मी पिशवी छातीशी घट्ट धरली आणि तरातरा बसकडे निघाले. मागे वळून बघितलंही नाही. यांना काही बोलले नाही, पुन्हा टिंगल नको म्हणून.

बस सुटते न सुटते तोच फोन वाजला. वडूजहून वहिनी, धाकट्या भावाची बायको. "वन्सं, आई भाकऱ्या टाकता टाकता उठल्या. तुमाला आत्ताच्या आत्ता फोन लाव म्हनत्यात."

माझी आई स्वतःहून कधी फोन करत नाही. मी म्हणाले, "आई? काय झालं गं?"

"शोभे, पैसं कशाला दिलंस त्याला?"

"कुणाला?"

"पैसं काय खायाचं व्हय गं? भुकंजला हुता त्यो. भाकरी पिशवीत हुती की..."

आणि ती रडायला लागली. माझी आई... जी वडील गेले तेव्हाही माणसांत रडली नव्हती. वहिनीने फोन काढून घेतला. मी पिशवीत हात घातला तर फडक्याची गाठ तशीच होती.

"बस थांबवा" म्हणून मी ओरडले, पण त्या रस्त्यावर वळता येत नव्हतं. यांना तेव्हा सगळं सांगितलं. हे म्हणाले, "आईंचं वय झालं. योगायोग असेल." पण यांचाही चेहरा उतरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्री टाइममध्ये आम्ही दोघे त्या धक्क्यावर गेलो. तो नव्हता. आसपासच्या दुकानदारांना खुणा करून विचारलं, कुणाला काही कळेना. शेवटी मी ती भाकरी मोडून पायरीवर ठेवली. तिथले समुद्रपक्षी इतके धीट, की लोकांच्या हातातला पाव ओरबाडून नेतात. ते आले, भाकरीभोवती फिरले, आणि एकानेही चोच लावली नाही. दहाव्याला घाटावर कावळ्याची वाट बघतात तसे आम्ही उभे होतो. हे हळूच म्हणाले, "उचल ती. चल."

परत आल्यावर थेट वडूजला गेले. मी पिशवी खाली ठेवायच्या आत आई म्हणाली, "माघारी आनलीस न्हवं? दे हिकडं." तिने ते तुकडे दुधात कुस्करले आणि उंबऱ्यात बसून स्वतः खाल्ले. त्या जादा भाकरीचा घासभरही तिने आजवर तोंडात घातला नव्हता. वहिनी पदर तोंडाला लावून आत गेली.

"आई, असं का करतीस?"

"आता कुणासाठी ठिवायची, बाई?" एवढंच म्हणाली, आणि वाटी धुवायला उठली.

त्या दिवसापासून ती घरात माणसं असतील तेवढ्याच भाकऱ्या टाकते.

तिला कसं कळलं, तिने काय बघितलं, बापूचं काय झालं... मी पुन्हा विचारलं नाही, धीरच होत नाही. तुमच्यापैकी कुणाला यातलं कळत असेल तर सांगा, मला खरंच उलगडलेलं नाही. तो माणूस माझा भाऊ नव्हता, हे मी शपथेवर सांगते. पण त्याला भूक लागली होती, भाकरी माझ्या पिशवीत होती, आणि मी ती छातीशी धरून पळाले.