एकोणचाळीस नंबरची पिवळी

"आधी श्वास बाजूला सोडा, मास्तर." असं म्हणून मामा स्वतः डावीकडं मान वळवायचे, छातीतली हवा भिंतीकडं सोडून द्यायचे आणि मगच चिमटा उचलायचे. समोर मेलेलं फुलपाखरू असायचं. तोंडाच्या वाऱ्यानं पंख उडाला, तर अर्धा दिवस शोधण्यात जायचा.

सांगलीच्या स्टँडवर सकाळी जाणाऱ्यांनी त्यांना पाहिलं असेल. गाडी लागली, माणसं उतरली, की गळ्यात दोरीनं चष्मा अडकवलेला एक वाकलेला म्हातारा गाडीच्या पुढं उभा राहायचा आणि इंजिनापुढच्या जाळीत अडकून मेलेली फुलपाखरं काडेपेटीत भरायचा. ड्रायव्हर चेष्टा करायचे, "आवं मामा, त्यापरीस गाडी धुऊन तरी द्या!"

"धुतल्याव मला काय ऱ्हाईल?" ते म्हणायचे.

जिवंत फुलपाखरू त्यांनी कधी मारलं नाही. "मारायचं काम गाड्या करत्यातच की. आपुन नुसतं बगायचं."

ते माधवनगरच्या गिरणीत होते. चालत्या मागावर तुटलेला धागा सांधण्यात उमेदीची वर्षं गेली. गिरणी बंद पडली, बोटांची सवय तेवढी राहिली. मी शाळेत विज्ञान शिकवतो, मूळचा रहिमतपूरचा. शाळेनं मोडीत काढलेला मायक्रोस्कोप मी दुरुस्त करून घरी ठेवलाय, हे त्यांना कुणीतरी सांगितलं आणि एका रविवारी ते काडेपेटी घेऊन दारात उभे राहिले. महिन्याभरात मायक्रोस्कोप त्यांच्या खोलीत गेला. पाठोपाठ दर रविवारी मीही.

जात नक्की करायची तर फुलपाखराचं पोट कात्रीनं वेगळं करायचं, काचेच्या नळीत पोटॅशच्या पाण्यात घालायचं आणि ती नळी चहाच्या पातेल्यातल्या गरम पाण्यात उभी करायची. पाव तासात आतलं मांस विरघळतं, कठीण भाग राहतात. ते सुईनं मोकळे करायचे, स्पिरिटमधून आणि लवंगेच्या तेलातून काढायचे आणि काचपट्टीवर चिकट बाल्समच्या थेंबात बसवायचे. खोलीला कायम दातांच्या दवाखान्याचा वास.

नळी थेट गॅसवर धरली तर लवकर होईल, असं मी एकदा सुचवलं. ते हसले. "घाई गिरणीत लय केली, मास्तर. आता पाण्याला काम करू द्या."

पोट आणि पंख वेगळे झाले, की दोन्हींच्या चिठ्ठीवर एकच नंबर. "आता ह्यो नंबर हीच त्येंची सोयरीक," असं म्हणत ते नंबर दोनदा वाचायचे. वाईच्या गाडीला सापडलेल्या फुलपाखराच्या चिठ्ठीवर ते लिहायचे, 'वाई ते सांगली, मधी कुठंतरी.' मी म्हणालो, "कराड लिहा की अंदाजानं." तेवढ्या एका वेळी ते माझ्यावर रागावले. "ठावं न्हाई तर 'ठावं न्हाई' लिवायचं. त्यात लाज कसली?"

बारा नंबरची पिवळी त्यांना वाईच्याच गाडीला मिळाली होती. अशी साधी पिवळी फुलपाखरं तुम्ही शेकड्यांनी पाहिली असतील. हिच्या पंखाच्या काळ्या काठाला मात्र एक खाच होती. नराच्या पोटाच्या टोकाला मादीला धरायचे दोन इवलेसे चिमटे असतात. ही पिवळी नरच होती; मायक्रोस्कोपखाली तिच्या चिमट्यांवर एक दात दिसला. बाकी पिवळ्यांना तो नव्हता. म्हणजे बाहेरून सारखी दिसणारी ही वेगळी जात असावी, असं त्यांच्या मनानं घेतलं. पण एकीवरून काही ठरत नाही. खाच असलेली दुसरी, तीही नर, मिळायला हवी होती. तिची त्यांनी सहा वर्षं वाट पाहिली. ती मिळाली, तेव्हा तिला नंबर आला एकोणचाळीस.

नेमका त्याच रविवारी मिरजेला त्यांचा डोळा तपासायचा होता. मोतीबिंदू पिकला होता, हातही थरथरायचा. पोट नळीत घालून त्यांनी नळी माझ्या हातात दिली. "तुमीच करा मास्तर. तुमचं हात बरं हाईत. फकस्त पाण्यात ठिवा."

मला साखरपुड्याला जायचं होतं. बायकोचे दोन फोन येऊन गेले होते. मी नळी चिमट्यात धरली आणि थेट गॅसवर नेली. आतलं पाणी एकदम उसळलं आणि नळीबाहेर उडालं. त्याबरोबर पोटही उडालं. मी गुडघ्यांवर बसून फरशी चाचपली, ओटा पुसून पाहिला. तिळाएवढी वस्तू. सापडली नाही.

मग मी जे केलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. काडेपेटीतल्या एका साध्या नर पिवळीचं पोट कापलं, या वेळी नीट पाण्यात ठेवलं, काचपट्टीवर बसवलं आणि स्वच्छ अक्षरात चिठ्ठी लावली : एकोणचाळीस.

पुढच्या रविवारी त्यांनी ती काचपट्टी मायक्रोस्कोपखाली घेतली. मान डावीकडं, श्वास बाहेर, डोळा काचेला.

"दात न्हाई."

त्यांनी डोळे चोळून पुन्हा पाहिलं.

"बगा बरं तुमी. माजा डोळा चुकत आसंल."

मी डोळा लावला. माझ्या आयुष्यातली सर्वांत खोटी दोन मिनिटं ती. "नाही दिसत," मी म्हणालो, आणि ते अक्षरशः खरं होतं.

"मग बारा नंबरचं ते एकट्याचं व्यंग हुतं," ते म्हणाले. "आन् मी जात धरून बसलो. यडाच की मी." त्यांनी वही ओढली, जुन्या नोंदीवर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'दोन जाती न्हाईत. माजी चूक.'

त्यानंतर ते स्टँडवर गेले नाहीत. डोळ्याचं ऑपरेशनही पुढं ढकललं. "आता काय बगायचंय?" म्हणाले. पावसाळ्याआधी लेक त्यांना वाईला न्यायला आली. मी पोचवायला गेलो होतो. गाडीत चढण्याआधी ते सवयीनं पुढं गेले, जाळीकडं पाहिलं आणि हात न लावता परत आले. सांगायचं म्हणून मी तोंड उघडलं. "चला, मास्तर," ते म्हणाले, "लय शिकलो तुमच्या संगतीत." मी मान वळवली आणि श्वास सोडला. एवढंच.

वाई काही लांब नाही. पुढच्या रविवारी जाऊ, असं मी दोन वर्षं म्हणत राहिलो. मग लेकीचा फोन आला, बाबा गेले म्हणून. त्यांची पेटी तिनं मला दिली. "तुमचं नाव सारखं काढायचे," म्हणाली.

एकोणचाळीसच्या काचपट्टीवरची माझी चिठ्ठी मी पाण्यानं भिजवून काढली आणि दुसरी लावली : 'पोट कुठल्या फुलपाखराचं, ठावं न्हाई. अदलाबदल मी केली.' खाली माझी सही. वहीतल्या त्यांच्या रेघेला मात्र हात लावला नाही. हरवलेल्या पोटाला दात होता की नव्हता, हे मलाही ठाऊक नाही. ते चुकले होते असं मी म्हणू शकत नाही, बरोबर होते असंही नाही.

हल्ली शाळेआधी मी स्टँडवर जातो. वाईची गाडी लागली, की माणसं उतरायची वाट बघतो. पाठ धरते, गुडघे कुरकुरतात. परवा एका जुन्या ड्रायव्हरनं विचारलं, "ते मामा दिसंनात, मास्तर?"

"गेले."

"आरारा." त्यानं जाळीकडं पाहिलं. "आन् तुमी काय हुडकताय?"

"पिवळी. काळ्या काठाला खाच असलेली."

"घावली का?"

"अजून नाही," मी म्हणालो, मान डावीकडं वळवली आणि वाकलो.