घारीचे कान

घार हे तिचं शाळेतलं नाव. शेवटच्या बाकावरून फळ्याच्या कोपऱ्यातली पुसट तारीख तिला वाचता यायची, म्हणून वर्गातल्या मुलींनी ठेवलेलं. पुढे ते घरीही रुळलं. तिचे वडील नेमबाजीच्या मैदानावर यंत्रं सांभाळत. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत.

त्या मैदानाच्या डाव्या टोकाला एक उंच खोली होती, उजव्या टोकाला एक ठेंगणी. दोन्हींतली यंत्रं मातीच्या चकत्या हवेत भिरकावत. नेमबाजाने बंदूक कमरेशी धरून "दे!" म्हणायचं आणि वाट बघायची. चकती लगेच येईल नाहीतर दोन-तीन सेकंदांनी, ती यंत्राची मर्जी. दिसली की बंदूक खांद्याला लावून उडत्या चकतीचे तुकडे करायचे.

मिस्त्रींनी यंत्र खोलून-जोडून पाहिलेलं. ते लेकीला म्हणाले, "चकती दिसायच्या आधी स्प्रिंग सुटते. खट्! ते ऐकलंस की तू सगळ्यांच्या पुढे." बाकीच्या मुली सरावाला कानांवर जाड टोप्या चढवून उभ्या राहायच्या, घार उघड्या कानांनी.

"अहो, पोरीच्या कानांचे पडदे फाटतील," आई म्हणायची.

"माझे फाटले का? तुझी कटकट इतकी वर्षं ऐकतोयच की!"

आईलाही हसू यायचं, आणि विषय तिथेच राहायचा.

घार भराभर वर गेली. जिल्हा, राज्य, मग देशातल्या पहिल्या दहांत नाव. स्पर्धेत कान झाकायची सक्ती होती, तेव्हा ती कापसाचे पातळ बोळे घालायची. दिवाणखान्यातल्या कपाटात चषक मावेनात, म्हणून आईने त्यातल्या एकात चमचे ठेवायला सुरुवात केली.

तिशीच्या आसपास ती घरात ओरडून बोलायला लागली. स्वयंपाकघरातून मारलेल्या हाकेला ओ देईना. "मोठी माणसं झालात आता तुम्ही, आईची हाक कुठली ऐकू येणार!" आई धुसफुसायची. घारीला टोमणा दिसायचा, शब्द नाही. ती नुसती हसायची. स्प्रिंगचा खटका ऐकू येणं तर कधीच बंद झालं होतं. आता ती फक्त डोळ्यांवर आणि सवयीवर मारत होती, आणि तरी बहुतेकींना भारी होती. तिने कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर डॉक्टरने बंदूक सोडायला लावली असती.

देशाचा संघ निवडायच्या शेवटच्या स्पर्धेला मिस्त्री स्वतः आले. जागा एकच उरलेली, आणि घारीसाठी वयाने ही शेवटची संधी. मैदानावर मी त्यांच्या हाताखाली काम करायचो, म्हणून मीही त्यांच्यासोबत बाकावर बसलो होतो.

या खेळात चकती फुटली, अगदी टवका जरी उडाला, तर पंच गप्प राहतो. हुकली तरच ओरडतो, "गेली!" खेळाडूला तो निवाडा पटला नाही, तर पुढची गोळी झाडायच्या आत हात वर करायचा. तेव्हा इतर पंचांना विचारतात. एकदा पुढची गोळी सुटली की तक्रार संपली.

घारीने ठेंगण्या खोलीतली चकती मारली. कडेचा एक टवका उडाला. मी पाहिला, मिस्त्रींनी पाहिला, तिने तर पाहिलाच असणार. पंचाच्या डोळ्यांवर ऊन होतं.

"गेली!" तो ओरडला.

घारीने शांतपणे नवी काडतुसं भरली.

"हात वर कर!" मिस्त्री उभे राहून ओरडले. बाहेरून सूचना द्यायला सक्त मनाई होती, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत? "अगं, हात वर कर! घार!"

मैदानावरच्या सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. पंच वळला, पलीकडच्या रांगेतल्या मुली वळल्या. एकटी घार वळली नाही. तिने बंदूक कमरेशी घेतली, "दे!" म्हणाली आणि पुढची चकती चक्काचूर केली.

मिस्त्री उभे होते ते बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

घार हसत बाहेर आली. तिच्या हिशेबी जागा तिची होती. मग तिने पाठीमागच्या फलकाकडे पाहिलं आणि तिथेच थांबली. एका चकतीने दुसरी मुलगी पुढे होती. घारीने वडिलांकडे पाहिलं, त्यांच्या तोंडाकडे, काही म्हणतायत का ते बघायला.

डॉक्टरांनी सांगितलं, उरलंय तेवढं सांभाळा, गेलेलं परत येणार नाही.

आता ती त्याच मैदानावर मुलींना शिकवते. बंदुकीची पेटी उघडायच्या आधी प्रत्येकीच्या कानावरची टोपी स्वतःच्या बोटांनी दाबून बघते.

"ताई, दुखतंय," एखादी म्हणते.

घार तिच्या ओठांकडे बघून सांगते, "दुखू दे."

मिस्त्री रोज येतात आणि तिच्या मागच्या बाकावर बसतात. एकदा मी शेजारी बसलो असताना ते तिच्या पाठीकडे बघत, नेहमीच्या आवाजात म्हणाले, "माझ्यामुळे झालं गं, पोरी."

घार एका मुलीचा खांदा सरळ करत होती.

"अहो, समोर जाऊन सांगा की," मी म्हटलं.

"सांगितलं तर 'नाही बाबा, तसं काही नाही' म्हणेल," ते म्हणाले. "ते मला ऐकवणार नाही."