पिकॅनचा जामीन

वळसंगच्या अलीकडं, सडकेपासून जरा आत चन्नप्पाचं घर. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे माग दुरुस्त करण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं, पण गावात त्याला कुणी मागावरनं ओळखत नाही. ओळखतात ते परड्यातल्या झाडावरनं.

झाड पिकॅनचं. अक्रोडाच्या भावकीतलं. धाकटा भाऊ सोमशेखर फौजेत, हिमाचलात होता. सुट्टीला येताना त्यानं वळकटीत गुंडाळून दोन रोपं आणली. एक रेल्वेतच वाळलं. दुसरं चन्नप्पानं लावलं आणि ते असं माजलं की कौलाच्या वर गेलं. फळाचा मात्र पत्ता नाही.

"दादा, त्याला थंडी लागती," सोमशेखर फोनवर म्हणाला. "हिवाळ्यात गाढ झोपलं, तरच फळतंय."

सोलापूरच्या उन्हात माणसाला झोप येत नाही, तिथं झाड काय झोपणार? पण चन्नप्पा हटला नाही. पौषात बर्फाच्या कारखान्यातनं लादी फटफटीवर आणायचा, फोडून बुंध्याभोवती रचायचा आणि वरनं बाद झालेले टॉवेल गुंडाळायचा. येणारा-जाणारा विचारायचा, "काय चन्नप्पा, ताप आलाय का झाडाला?"

उन्हाळ्यात उलटी तऱ्हा. गावाला टँकर, आणि पिकॅनला पाणी लागतं म्हशीगत. मग चन्नप्पानं न्हाणीघर बंद केलं. बुंध्याला चादर बांधून आडोसा केला आणि सगळ्या घरानं झाडाच्या बुडात आंघोळ करायची. पाहुणे आले तरी तिथंच. बायको सुंदरम्माचा भाऊ एकदा साबण लावून उभा राहिला, तर चन्नप्पा बाहेरनं ओरडला, "पाव्हनं, जरा उत्तरेकडं सरका, तिकडची मुळी कोरडी हाय!"

सुंदरम्मा झाडावर आधीच खार खाऊन होती. बाकीची झाडं पानं झाडतात ती एका हंगामात. हे परमुलखातलं, ह्याला कधी काय करायचं तेच कळंना. बारा महिने गळायचं. तिच्या वाळत घातलेल्या कडक भाकरीत पान, चटणीच्या शेंगात पान.

शेवटी चन्नप्पानं आईच्या माहेरची रीत काढली. न फळणाऱ्या झाडाला येळामावशेला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अवसेला, कुऱ्हाड दाखवायची. एकानं कुऱ्हाड उगारून म्हणायचं, "तोडतो आता." दुसऱ्यानं आडवं पडायचं, "नगा तोडू, पुढल्या साली फळंल, मी जामीन." मग कुऱ्हाड खाली. झाड ऐकतं, भितं आणि फळतं. ह्यात दोन गोष्टी पक्क्या. उगारलेली कुऱ्हाड जामीन मिळाल्याबगर खाली येत नाही. आणि ज्याचा शब्द एकदा खोटा पडला, तो पुन्हा जामीन राहू शकत नाही.

पहिल्या साली मेव्हणा राहिला. झाड फळलं नाही, मेव्हणा बाद. मग शेजारचा नबीसाब राहिला, बाद. न्हावी बाद, पंचायतीचा शिपाई बाद. एका साली सोमशेखर फोनवरनं जामीन राहिला. फोनवरचा जामीन चालतो का, ह्यावर पारावर भांडणं झाली. झाडानं निकाल दिला, फळलं नाही. गेल्या साली म्हाताऱ्या रत्नम्मानं हात वर केला. तिला वाटलं, रेशनचं काहीतरी आहे.

असं करत करत गाव संपलं.

यंदाच्या येळामावशेला दुपारी परड्यात भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे मांडले. माणसं जमली. चन्नप्पानं सवयीनं कुऱ्हाड उगारली आणि गरजला, "तोडतो आता!"

सगळे आंबील पीत राहिले.

"तोडतो म्हनलं की!"

"ऐकलं की," नबीसाब म्हणाला. "आमी सगळे बाद हाय. अन् मी म्हनतो, ह्याची जोडी रेल्वेत मेली. रंडका हाय त्यो. त्याला कुऱ्हाड दावून पोरं व्हत्यात व्हय?"

तेवढ्यात टेंभुर्णीचा एक ट्रकवाला पत्ता विचारत आत आला. चन्नप्पाचा जीव भांड्यात पडला. "पाव्हनं, या! बसा, जेवा. फकस्त एवडं म्हना, मी जामीन."

ट्रकवाल्यानं भज्जी खाल्ली, झाड खालवर न्याहाळलं. "फळतंय का?"

"न्हाय."

"मग तोडा की. लाकूड झ्याक निघंल." आणि उंडा खिशात घालून तो गेला.

चन्नप्पाचे हात भरून आले. कुऱ्हाड खाली घ्यावी तर रीत मोडते, मारावी तर झाड जातं. कपाळाचा घाम डोळ्यात उतरला, तो पुसायलाही हात मोकळा नाही.

"मीच ऱ्हातो जामीन," तो म्हणाला.

"कुऱ्हाडवाला जामीन कसा ऱ्हाईल?" नबीसाब म्हणाला. "चोर बी तूच, फौजदार बी तूच?"

सुंदरम्मा पदर खोचून उठली. "आना हिकडं," म्हणत तिनं कुऱ्हाड वरच्यावर काढून घेतली. चन्नप्पाला हायसं वाटलं. मग तिनं तळहातावर थुंकी घेतली, पाय रोवले आणि बुंध्यावर नेम धरला. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की ही नुसती दाखवत नाही.

"नगं!" तो बुंध्याला मिठी मारून आडवा झाला. "पुढल्या साली फळंल! मी जामीन!"

"तुमच्या जामिनाचं काय खरं? माज्या भाकरीत पानं पडली तवा कुटं गेला व्हता जामीन? माज्या भावाला उघड्यावर न्हाऊ घातलं, तवा?"

"चुकलं."

"न्हानीघर?"

"उद्या उघडतो."

"बर्फ?"

चन्नप्पानं मिठी आणखी घट्ट केली. माणसं खायची थांबली. सुंदरम्मानं कुऱ्हाड आणखी वर नेली.

"बर्फ ऱ्हाऊ दे गं," तो बुंध्याआडनं बोलला. "एक हिवाळा तरी झोपू दे त्याला."

तिनं त्याच्याकडं बघितलं, झाडाकडं बघितलं. त्या दोघांत जास्त येडं कोण, ते तिला ठरवता येईना. तिनं कुऱ्हाड खाली घेतली.

"एक साल," ती म्हणाली. "कुऱ्हाड माज्यापाशी ऱ्हाईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी चन्नप्पा परड्यात आला, तर सुंदरम्मा झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेली. मांडीवर कुऱ्हाड, हातात चहाची बशी.

"हितं कशाला बसलीस?"

"दाखवायला. सालातनं एकदा दावून भितंय का कुनी?" तिनं चहाचा भुरका मारला. "तुमी बर्फ आना जावा. अन् हळू रचा, झोपू द्या त्याला. मी गप बसते."