उजव्या मडगार्डाची मोजणी

मार्तंडरावांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत जालन्याच्या डॉक्टरांनी स्प्रिंग बसवली आणि घरी सोडताना सांगितलं, की डोक्याला ताप करून घेऊ नका, मन रमेल असं काहीतरी करत जा. पुण्याला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलानं, सौमित्रनं, हे फारच मनावर घेतलं. आठ दिवसांनी देऊळगाव राजाच्या घरी कुरिअरनं एक खोकं आलं. त्यात रणगाडा होता.

म्हणजे सुटा होता. जोडायचा आपण. मार्तंडराव गणिताचे निवृत्त मास्तर. त्यांनी चष्मा लावून माहितीपुस्तिका चाळली, भाग सव्वासहाशे आहेत असं जाहीर केलं, छातीवर हात ठेवला आणि खोकं कपाटावर ठेवून दिलं. त्यानंतर ते रोज सकाळी बालाजीच्या देवळापर्यंत चालत जाऊ लागले. त्यांचं मन तिकडेच रमलं.

महिनाभरानं धूळ पुसताना स्नेहलताबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, ते खोकं खाली काढलं. प्लास्टिकच्या भागांखाली एक चपटं पाकीट होतं. त्यात पितळेचे दोन पत्रे, लग्नपत्रिकेपेक्षा पातळ. त्यांवर रसायनानं कोरलेले बारीक बारीक भाग: इंजिनावरच्या जाळ्या, दिव्यांचे पिंजरे, फावडं अडकवायच्या कड्या, दोन्ही बाजूंची लांब मडगार्डं. एकेक भाग ब्लेडनं सोडवायचा, पट्टीखाली दाबून त्याला घडी घालायची आणि चिमट्यानं जागेवर चिकटवायचा. स्नेहलताबाईंनी पत्रा खिडकीकडे धरला. फडकं हातात तसंच राहिलं.

त्या भूमी अभिलेख कार्यालयात चौतीस वर्षं ट्रेसर होत्या. जुन्या गावनकाशावर ट्रेसिंगचं कापड ताणून बसवायचं आणि खालची प्रत्येक रेघ शाईनं वर उतरवायची, हे त्यांचं काम. रेघ नेमकी कुठं वळते यावरून गावात डोकी फुटत, त्यामुळे हात हलून चालत नसे. चोवीस वर्षं त्यांचा हात हलला नाही. मग कार्यालयात संगणक आले, आणि शेवटची दहा वर्षं त्यांनी आवक-जावक नोंदवहीत शिक्के मारले. शिक्का मारतानाही त्यांचा हात हलत नसे, पण त्याचं कोणाला काही नव्हतं.

पुस्तिकेच्या पहिल्या पानावर प्रमाण दिलं होतं, एकास पस्तीस. स्नेहलताबाईंनी आयुष्यभर एका इंचाला सहाशेसाठ फूट या मापानं गावं उतरवली होती. एकास पस्तीस म्हणजे अगदीच ऐसपैस काम. या प्रमाणात नकाशा काढला असता तर बांधावर भांडणारी माणसंसुद्धा दाखवता आली असती.

"तुम्ही करणार आहात का हे?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"छे."

"मग मी करते."

"कर," मार्तंडराव म्हणाले आणि देवळाकडे निघाले.

खिडकीजवळच्या टेबलावर काम सुरू झालं. ऑफिसातलं भिंग, स्टीलची पट्टी, भुवयांचा चिमटा, ब्लेड. पहिल्या आठवड्यात बोटं तीनदा एकमेकांना चिकटली. दुसऱ्या आठवड्यात फावड्याची कडी चिमट्यातून उडाली. ती तिळापेक्षा लहान होती. स्नेहलताबाईंनी खोली झाडली, केर सुपात पाखडला, मग पांढऱ्या कागदावर पसरून भिंगाखाली वेचला. कडी सापडली नाही. दुपारी मार्तंडराव देवळातून परतले तेव्हा ती त्यांच्या बनियनच्या पाठीवर होती. दर्शन घेऊन आली होती.

शेजारच्या पुष्पाबाई विरजण मागायला आल्या आणि दारातच थांबल्या.

"काय करून राह्यल्या काकू?"

"रणगाडा."

"काऊन?"

"आला होता," स्नेहलताबाई म्हणाल्या.

हे उत्तर पुष्पाबाईंना पटलं. पण बोलता बोलता त्या म्हणाल्या, की दुसरबीडचा त्यांचा थोरला भाऊ वामनराव फौजेत रणगाडाच चालवायचा, एकाहत्तरच्या लढाईत. गोळा लागून त्याच्या गाडीचं मडगार्ड उडालं होतं. सगळ्या दुसरबीडला ठाऊक आहे.

चौथ्या दिवशी वामनराव एसटीनं आले. वय अठ्ठ्याहत्तर, पांढरी टोपी, इंजिनापाशी आयुष्य काढल्यामुळे डावा कान बंद. ते सरळ टेबलाजवळ गेले, वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. रणगाडा तोफेच्या नळीसकट वीतभर होता. रंग अजून दिला नव्हता. खालचं अंग प्लास्टिकचं हिरवं आणि वर पितळ चमकत होतं.

"मी इथं बसायचो," ते म्हणाले आणि पुढच्या डाव्या झाकणावर बोट ठेवलं. मग बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "ताई, चुकलं हो तुमचं."

स्नेहलताबाईंनी भिंग खाली ठेवलं. चौतीस वर्षांत हे वाक्य त्यांनी फक्त शेतकऱ्यांकडून ऐकलं होतं, तेही शेजाऱ्याच्या बाजूनं रेघ गेली तर.

"काय चुकलं?"

"नळीच्या मधोमध पत्र्याचा डबा पाह्यजे. समोरच्याची गाडी अन् आपली गाडी एकसारखीच दिसे. आपली आपल्याले वळखू याव म्हणून बसोला व्हता. अन् उजवं मडगार्ड मागून फाटेल पाह्यजे."

"पुस्तकात नाही तसं."

"पुस्तकवाला गाडीत व्हता काय?"

"दादा, मोजणी झाल्याशिवाय मी रेघ ओढत नाही," स्नेहलताबाई म्हणाल्या. "कोणी सांगितलं म्हणून नाही ओढत."

वामनरावांना हे अर्धं ऐकू आलं आणि पूर्ण कळलं. त्यांनी चहा घेतला, टोपी नीट केली आणि दीडच्या गाडीनं परत गेले.

स्नेहलताबाईंनी दोन दिवस काम केलं, पण नजर नळीवर जात राहिली. शेवटी त्यांनी सौमित्रला फोन केला. त्यानं कुठून कुठून शोधून दोन जुने फोटो पाठवले. धुरकट होते. दोन्हींत नळीच्या मधोमध डबा होता.

"म्हातारा खरं बोलला," त्या म्हणाल्या.

"मग बसव डबा," मार्तंडराव म्हणाले.

"डबा बसवीन हो. मडगार्डाचं काय? पितळ आहे ते. एकदा वाकवलं की वाकवलं. सरळ करायला गेलं तर तुटतं. कुठून फाटलं, किती फाटलं, कुठल्या अंगाला वळलं, हे नको कळायला?" त्यांनी पिशवीत टेप आणि वही टाकली. "जागेवर जाऊन मोजणी करावी लागेल."

जागा पंजाबात होती आणि गाडी केव्हाच मोडीत गेली असणार. पण जबाब देणारा दुसरबीडला होता. मार्तंडरावही बरोबर गेले. डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली नव्हती.

वामनरावांच्या ओट्यावर बाज टाकलेली होती. त्यांचा मुलगा गोपाल, दोन नातेवाईक आणि कुतूहलानं आलेले चार जण असे सात लोक जमले. स्नेहलताबाईंनी वही उघडून तारीख घातली.

"किती फाटलं होतं?"

वामनरावांनी हवेत दोन हात धरले. स्नेहलताबाईंनी त्यांमध्ये टेप लावला. अडुसष्ट सेंटिमीटर. पस्तीसनं भागून मार्तंडराव लगेच म्हणाले, "एकोणीस मिलिमीटर, वर थोडं." त्यांना फार दिवसांनी बरं वाटलं.

"पत्रा कसा वळला होता? हातानं दाखवा."

वामनरावांनी तळहात आडवा धरला, मागची कड उचलली आणि पुढं दुमडली. जमलेल्या लोकांनी माना डोलावल्या. स्नेहलताबाईंनी वहीत बाण काढला. बाण मागून पुढं जात होता. त्यांनी बाणाकडे पाहिलं, मग वामनरावांकडे.

"दादा, गाडीचं तोंड दुश्मनाकडं होतं ना?"

"हाव."

"मग गोळा मागून आला?"

नातेवाइकांपैकी एकानं हळूच विचारलं, की मागं आपलीच फौज असेल ना? वामनरावांनी बंद कान त्याच्याकडे केला.

"गोपाल, सगळ्याइले घेऊन जाय अन् चहा पाज ठेशनावर."

दुसरबीडला रेल्वे नाही. एसटी स्टँडालाच ठेशन म्हणतात. सगळे उठले. मार्तंडरावही उठू लागले तर वामनराव म्हणाले, "मास्तर, तुम्ही बसा. तुम्हाले चहा चालत नसन."

ओटा रिकामा झाल्यावर त्यांनी बाज स्नेहलताबाईंच्या जवळ ओढली.

"शिसवाचं झाड व्हतं," ते म्हणाले. "पाण्याचा टँकर आला व्हता. त्याले जागा पाह्यजे म्हणून मी गाडी मागं घेतली. आतून मागचं काई दिसत नाही. कमांडरनं वर उभं राहून सांगा लागते. तो जेवायले गेल्ता. मी म्हणलो, हातभर त घ्याची हाय. झाड तसंच उभं राह्यलं, मडगार्ड गेलं. मंग आठ दिवस मले खड्डे खणायले लावलं."

"आणि गोळा?" मार्तंडरावांनी विचारलं.

"मी घरी पत्र लिहिलं. लिहिलं, का गाडीचं मडगार्ड गेलं, मी ठीक हाय. मायले वाचता येत नव्हतं. पत्र वाचणाऱ्यानं चार लोकांत वाचलं, अन् त्याच्या मनानं गोळा घातला. सुट्टीवर मी घरी आलो तवा गोळा माह्या आधीच गावात येऊन बसला व्हता. लोकाइनं हार घातला. हार काढून सांगू काय, का झाड व्हतं?"

स्नेहलताबाई लिहायच्या थांबल्या होत्या.

"आमची गाडी मागं राखीव व्हती," वामनराव म्हणाले. "पुढं घातली अन् दोन दिवसांत लढाई बंद झाली. एक गोळा नाही मारला आम्ही. जे पुढं व्हते त्याइच्यातले तिघं माह्यासंग एका ताटात जेवलेले. त्याइचं काई सांगाव त मले सांगता येत नाही. लोकं म्हणत, सांगा लढाईचं. मंग मी मडगार्डाचं सांगो."

बाहेर रस्त्यावरून ट्रक गेला. स्नेहलताबाईंनी वही पुढं केली. "दादा, झाडाची साल घासली असेल तर रंग गेला असेल. किती जागेवर?"

वामनरावांनी डोळे पुसले आणि वीतभर माप दाखवलं. टेप लागला. मोजणी पूर्ण झाली.

मडगार्ड वाकवायला स्नेहलताबाईंना एक अख्खी सकाळ लागली. मागची कड चिमट्यात धरली, पट्टी दाबली आणि पितळ पुढं वळवलं, एकोणीस मिलिमीटर. मग रंग दिला आणि तो वाळल्यावर, साल घासली होती तेवढ्या जागेवर, ब्लेडच्या टोकानं खरवडला. नळीवरचा डबा त्यांनी पितळी पत्र्याच्या उरलेल्या कडेतून केला, विणायच्या सुईवर गुंडाळून. बघून मार्तंडराव म्हणाले, "चांगला नवा रणगाडा होता."

सव्वीस जानेवारीला दुसरबीडच्या शाळेत झेंडावंदनानंतर वामनरावांचं भाषण दरवर्षीच ठेवलेलं असे. या वेळी टेबलावर रणगाडा होता, काचेच्या पेटीत. मुख्याध्यापकांनी माईकवर सांगितलं, की शत्रूच्या तोफगोळ्यानं फाटलेलं मडगार्डही देऊळगावच्या ताईंनी हुबेहूब केलं आहे. स्नेहलताबाई दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. आपण म्हाताऱ्याला लोकांसमोर उघडं पाडलं की काय, या विचारानं त्यांनी पेटीकडे बघायचं टाळलं. जाणत्या माणसानं जवळून पाहिलं असतं तर पत्रा कुठून कुठं वळलाय ते दिसलं असतं.

वामनराव उठले. पेटीकडे पाहून घेतलं. माईक हातानं दूर केला, कारण त्यांना त्याची गरज नव्हती.

"गोळा नव्हता," ते म्हणाले. "झाड व्हतं. मी गाडी मागं घेताना ठोकली."

मुख्याध्यापकांनी माईक पुन्हा त्यांच्यापुढं सरकवला.

"लढाईत माह्यासंगचे तिघं गेले. त्याइची नावं सांगतो." त्यांनी तीन नावं सांगितली, गावांसकट. एक हरियाणाचा, दोन सांगलीकडचे. "बस. एवढंच हाय."

ते बसले. मग मागून कोणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्या मंडपानं कडकडाट केला. मुख्याध्यापकांनी माईक परत आपल्याकडे घेतला. ते म्हणाले, याला म्हणतात खरी वीराची नम्रता; छातीवर गोळा झेलणारा माणूस आज म्हणतो की झाड होतं. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. कोणीतरी हार घातला.

कार्यक्रमानंतर वामनराव हारासकट स्नेहलताबाईंजवळ आले. चांगलेच चिडलेले होते.

"पाह्यलं ना ताई? सांगतलं त ऐकून नाही राह्यले."

"तुम्ही सांगितलं ना दादा," त्या म्हणाल्या. "मोजणी बरोबर असली की झालं. मानणं न मानणं लोकांचं असतं. आमच्या ऑफिसात रोजचं होतं हे."

वामनरावांनी हार काढून हातात घेतला. मग त्यांनी विचारलं, ती तीन नावं पेटीच्या खाली लिहून देता येतील का. स्नेहलताबाईंनी तिथंच टेबलावर, पिशवीतल्या टाकानं, बोटभर रुंद कागदाच्या पट्टीवर ती लिहून दिली. अक्षर तिळाएवढं आणि सरळ. पेटी दुसरबीडलाच राहिली.

परतीच्या एसटीत मार्तंडरावांनी खिडकीची जागा घेतली आणि सिंदखेडपर्यंत झोपले. संध्याकाळी सौमित्रचा फोन आला. आता काय पाठवू, असं तो विचारत होता. विमान, पाणबुडी, हवं ते मिळतं.

"लढाईचं नको," स्नेहलताबाई म्हणाल्या. "रोडरोलर मिळतो का बघ."